एकशेपंधरावे मूलद्रव्य : शक्यता, संभाव्यता आणि एक खेळ

कल्पित मूलद्रव्याला नाव देणे सोपे असते. अंक देणे जोखमीचे. एच. जी. वेल्सने १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या चांद्रप्रवासाच्या कादंबरीत गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थ कल्पिला आणि त्याच्या कल्पित संशोधकावरून त्याला 'कॅव्होराइट' असे नाव दिले. ज्यूल व्हर्नला हे रुचले नाही. आपण आपल्या नायकांना तोफेच्या गोळ्यातून चंद्राकडे धाडले, ह्या गृहस्थाने मात्र गुरुत्वाकर्षणाचा नियमच रद्द करणारा धातू आणला. तो धातू एकदा दाखवावा तरी, अशा आशयाची तक्रार त्याने केली होती. विज्ञानकथेच्या समीक्षेतील सर्वांत जुन्या भांडणांपैकी हे एक आहे. आजही आपण तेथून फार पुढे आलो आहोत असे नाही. परग्रहावरचे यान, त्याचे इंधन, त्या इंधनाचे मूलद्रव्य असे काही कथेत आले, की वाचक व्हर्नच्या बाजूने उभा राहून विचारतो : दाखवा तो धातू.

साहित्यशास्त्राकडे ह्या मागणीला द्यायला दोन तयार उत्तरे आहेत. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या आरंभीच कविनिर्मितीला नियतीच्या नियमांतून मोकळे केले आहे. तेव्हा धातू दाखवण्याचे बंधन कवीवर नाही. ॲरिस्टॉटलने थोडी वेगळी वाट काढली. जे घडणे शक्य आहे पण पटत नाही, त्यापेक्षा जे घडणे अशक्य आहे पण संभाव्य वाटते ते कवीने पत्करावे, असा त्याचा कौल आहे. दोन्ही उत्तरे आपण वर्गात शिकवतो आणि दोन्ही योग्यच आहेत. परंतु ह्या दोघांपुढेही आवर्तसारणी नव्हती. विज्ञानकथा काव्याचे स्वातंत्र्य तर घेतेच, शिवाय शास्त्राची साक्षही काढते. साक्ष काढली की उलटतपासणी आली. ही उलटतपासणी कशी करावी आणि तिच्यातून कल्पिताविषयी काय हाती लागते, हे मला एका अंकाच्या आधाराने पाहायचे आहे. तो अंक आहे ११५.

१९९४ साली मायक्रोप्रोज ह्या कंपनीने एक संगणकीय खेळ बाजारात आणला. ज्यूलियन गोलॉप आणि त्याचा भाऊ निक हे त्याचे कर्ते. युरोपात त्याचे नाव होते 'यूएफओ : एनिमी अननोन' आणि अमेरिकेत 'एक्स-कॉम : यूएफओ डिफेन्स'. कथा १९९९ सालात सुरू होते. परग्रहवासीयांच्या तबकड्या पृथ्वीवर येऊ लागल्या आहेत; त्यांच्याशी लढणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा कारभार खेळणाऱ्याच्या हाती आहे. तबकडी पाडायची, सैनिक उतरवायचे, आतले साहित्य गोळा करून प्रयोगशाळेत न्यायचे आणि शत्रूची विद्या हळूहळू आत्मसात करायची, असा हा क्रम. त्या तबकड्यांच्या इंधनाचे नाव 'एलेरियम-११५'.

आमच्या घरी संगणक आला २००० च्या सुमारास, धाकट्या भावाच्या अभ्यासाकरिता. अभ्यास किती झाला हे सांगण्यात अर्थ नाही. हा खेळ मात्र पुष्कळ झाला. खेळात 'यूफोपीडिया' नावाचा एक कोश होता. प्रयोगशाळेत एखाद्या वस्तूचा उलगडा झाला की तिच्यावर एक छोटी इंग्रजी नोंद उघडे. भावाचे इंग्रजी बेताचे, आणि मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असल्याने घरातील विदुषी. "ताई, हे काय म्हणतोय ते सांग ना," अशी हाक आली की मी पुस्तक बाजूला ठेवून ती नोंद त्याला मराठीत सांगत असे. पुढे भाषांतरविद्या हा माझ्या अध्यापनाचा विषय झाला; पण ज्या श्रोत्याला खरोखरच अर्थ हवा होता असे माझे पहिले भाषांतर एलेरियमच्या नोंदीचे होते. हे मूलद्रव्य आपल्या सूर्यमालेत आढळत नाही. ते आपल्याला निर्माण करता येत नाही. त्यावर विशिष्ट कणांचा मारा केला असता प्रतिद्रव्य तयार होते, आणि त्यातून गुरुत्वलहरी व अन्य प्रकारची ऊर्जा मिळते, असा तिचा मथितार्थ.

भावाला ह्यातले एकच वाक्य महत्त्वाचे वाटले : ते निर्माण करता येत नाही. कारण त्या खेळात बाकी जवळजवळ सर्व काही कारखान्यात तयार करता येते. परग्रहवासीयांचा मिश्रधातू बनवता येतो, त्यांची शस्त्रे बनवता येतात, त्यांच्यासारखे यानही बांधता येते. परंतु त्या शस्त्रांच्या दारूगोळ्याला, चांगल्या चिलखताला आणि यानाच्या टाकीला एलेरियम लागते, आणि ते फक्त शत्रूच्या यानातूनच काढून आणावे लागते. त्यातही मेख अशी, की यान आकाशात पाडले तर त्याचा ऊर्जास्रोत बहुधा स्फोटात नष्ट होतो आणि त्याबरोबर इंधनही जाते. यान आपणहून जमिनीवर उतरले असेल तर मात्र सारा साठा शाबूत सापडतो. काही महिने खेळल्यावर भावाने मला ह्या युद्धाचे सार सांगितले : "पाडायचं नाही, ताई. उतरू द्यायचं." शत्रूचे विमान दृष्टिपथात आहे, तोफा सज्ज आहेत, आणि तरी तो हातावर हात ठेवून बसलेला असे. एका कल्पित मूलद्रव्याने पंधरा वर्षांच्या मुलाला संयम शिकवलेला मी पाहिला आहे.

आता अंकाकडे वळू. आवर्तसारणीतील क्रमांक म्हणजे अणुकेंद्रातील प्रोटॉनांची संख्या. हायड्रोजनचा एक, लोखंडाचे २६, सोन्याचे ७९, युरेनियमचे ९२. ह्या सारणीत मधे रिकामी खोली नाही आणि दोन घरांच्या मधे अर्धे घर नाही. त्यामुळे 'कॅव्होराइट' म्हणणारा लेखक कोणालाच काही देणे लागत नाही. '११५' म्हणणारा लेखक मात्र एक ठरावीक पत्ता देतो. त्या पत्त्यावर कोणीही, कधीही जाऊन पाहू शकतो. ह्या अर्थाने अंक हे एक वचन आहे.

अशी वचने देण्याची परंपरा विज्ञानातच आहे, आणि तिच्यात आपल्याला आपलासा वाटावा असा एक शब्द आहे. मेंदेलेएव्हने १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडली आणि १८७१ मध्ये तिच्यातील रिकाम्या जागांवर कोणती मूलद्रव्ये सापडतील हे सांगितले. त्या अज्ञात मूलद्रव्यांना त्याने संस्कृतातील 'एक' हा शब्द जोडून तात्पुरती नावे दिली : एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन. ज्ञात मूलद्रव्याच्या खाली एक घर, असा त्याचा अर्थ. एक-सिलिकॉनचा अणुभार ७२ आणि घनता ५.५ असेल असे त्याने लिहून ठेवले. १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले, अणुभार ७२.६, घनता ५.३५. गॅलियम १८७५ मध्ये, तर स्कँडियम १८७९ मध्ये ह्याच रीतीने आपापल्या घरी सापडले होते. ११५ हे घर बिस्मथच्या बरोबर खाली येते. म्हणून त्याचे जुने नाव एक-बिस्मथ.

१९६० च्या दशकात ह्या दूरच्या घरांविषयी आणखी एक कल्पना पुढे आली. युरेनियमच्या पलीकडे जावे तसतशी मूलद्रव्ये अधिकाधिक अल्पायुषी होत जातात, कारण प्रोटॉनांचे परस्परांना दूर लोटणे अणुकेंद्राला बांधून ठेवणाऱ्या बलाला भारी पडू लागते. परंतु अणुकेंद्रातही कवचे असतात, आणि ती पूर्ण भरली की केंद्र अधिक टिकाऊ होते. ११४ च्या आसपास प्रोटॉन आणि १८४ न्यूट्रॉन असा योग जुळून आला, तर अस्थैर्याच्या समुद्रात एक बेट सापडावे, असे गणित होते. ग्लेन सीबोर्ग ह्या रसायनशास्त्रज्ञाने 'स्थैर्याचे बेट' ही प्रतिमा रूढ केली. साहित्याच्या विद्यार्थ्याने ह्या प्रतिमेपाशी क्षणभर थांबावे. बेट म्हटले की खलाशी आले, नकाशे आले आणि बेट पाहून आल्याचे सांगणारेही आले.

तसा एक माणूस १९८९ मध्ये आला. लास व्हेगासच्या दूरचित्रवाणीवर बॉब लझार नावाच्या गृहस्थाने सांगितले, की नेव्हाडाच्या वाळवंटातील एका गुप्त लष्करी तळाजवळ परग्रहावरच्या यानांवर आपण काम केले असून त्या यानांचे इंधन म्हणजे ११५ वे मूलद्रव्य होय. ते स्थिर आहे, त्यापासून प्रतिद्रव्य मिळते आणि गुरुत्वाकर्षण ताब्यात येते, असा त्याचा दावा होता. ज्या दोन नामांकित संस्थांतून शिकल्याचे त्याने सांगितले, तेथे त्याची नोंद शोधणाऱ्यांना आढळली नाही. पण दावा पसरला. पाच वर्षांनी आलेल्या खेळात तोच अंक, तेच प्रतिद्रव्य आणि तेच गुरुत्वाकर्षण दिसते, तेव्हा ही जुळणी योगायोगाची वाटत नाही. कल्पिताने आपले मूलद्रव्य विज्ञानाकडून घेतले नाही, अफवेकडून घेतले.

आणि मग ते मूलद्रव्य सापडले. २००३ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोजवळच्या दुब्ना येथील संस्थेत रशियन आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी अमेरिशियमच्या लक्ष्यावर कॅल्शियमच्या अणुकेंद्रांचा मारा केला. अमेरिशियमचे प्रोटॉन ९५, कॅल्शियमचे २०; बेरीज ११५. प्राथमिक शाळेतील हे गणित, पण ते निसर्गाकडून करवून घ्यायला महाकाय यंत्र लागते, आणि त्या प्रयोगातून हाती आले चार अणू. सेकंदाचा अल्पांश टिकून ते ११३ व्या मूलद्रव्यात रूपांतरित झाले. २००४ च्या आरंभी हे जाहीर झाले, २०१५ च्या डिसेंबरअखेर त्यास अधिकृत मान्यता मिळाली आणि २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये मॉस्को प्रांतावरून 'मॉस्कोव्हियम' हे नाव निश्चित झाले. आजवर ज्ञात असलेल्या त्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचे अर्धायुष्यही एका सेकंदापेक्षा कमी आहे.

बेट का सापडले नाही? कारण न्यूट्रॉन कमी पडले. अमेरिशियम-२४३ मध्ये न्यूट्रॉन १४८ आणि कॅल्शियम-४८ मध्ये २८. दोन्ही मिळून १७६, आणि टकरीच्या धगीत त्यांतलेही तीनचार उडून जातात. १८४ ची गरज असताना हाती उरतात १७२-१७३. बेटाची चाहूल लागावी इतके आपण जवळ आलो आहोत, त्यावर पाऊल मात्र पडलेले नाही. आणि जाणकारांचे बहुतेक अंदाज पाहता त्या बेटावर पोचलो तरी तेथे यानाच्या टाकीत वर्षानुवर्षे राहील असे काही मिळेल, अशी आशा फारशी नाही.

समजा, मिळाले. किलोभर स्थिर ११५ कोणी आणून दिले, तर ते इंधन होईल का? आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी हा प्रश्न चहाच्या वेळी घातला. त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही. एवढे जड अणुकेंद्र फोडले तर ऊर्जा मिळेलच, पण ती जातीने युरेनियमच्या विखंडनासारखी, असे ते म्हणाले. प्रतिद्रव्याची गोष्ट निराळी. द्रव्य आणि प्रतिद्रव्य एकमेकांत विलीन झाल्यास त्यांच्या एक किलो वस्तुमानामागे जी ऊर्जा मिळेल, ती एक किलो युरेनियमच्या संपूर्ण विखंडनाच्या सुमारे हजारपट भरते. मात्र प्रतिद्रव्य अणुकेंद्रात दडवून ठेवलेले नसते. ते घडवावे लागते, आणि घडवताना त्याच्या जोडीला तितकेच द्रव्यही घडते. त्याकरिता निदान तितकीच ऊर्जा आधी भरावी लागते, आणि प्रत्यक्षात कितीतरी अधिक. "मॅडम, बँकेत दोनशे भरायचे तेव्हा शंभर काढता येणार," ते म्हणाले, "ह्याला इंधन म्हणत नाहीत, खर्च म्हणतात." शिवाय गुरुत्वाकर्षण हे अणूच्या पातळीवर सर्वांत दुबळे बल, एखाद्या विशिष्ट मूलद्रव्याने त्याची लहर वाटेल तशी वळवावी, अशी कोणतीही ज्ञात यंत्रणा नाही. थोडक्यात, निकाल स्पष्ट आहे. अंक खरा निघाला. त्या अंकावर लादलेले सारे गुणधर्म खोटे.

खेळापुरता विषय येथे संपला असता. तो संपला नाही, कारण एम.ए.च्या वर्गात विज्ञानसाहित्याच्या तासानंतर एका विद्यार्थ्याने मला थांबवले. मुलगा बी.एस्सी. करून मराठीकडे आलेला, वाचणारा आणि गंभीर. त्याने मोबाइलवर कुठलीशी चित्रफीत पाहिली होती. तो म्हणाला, "मॅडम, एकशे पंधरावं शेवटी सापडलं ना? पुस्तकांत नव्हतं तेव्हा त्या माणसाला माहीत होतं. म्हणजे तो खरंच सांगत होता." त्याच्या स्वरात थट्टा नव्हती. पाठ्यपुस्तकांनी आपल्यापासून काहीतरी लपवले आहे आणि एका एकाकी माणसाने ते उघड केले, ही कथा त्याला मनापासून पटलेली होती. त्या कथेत नायक आहे, अन्याय आहे आणि शेवटी सत्याचा विजयही आहे. साहित्याच्या शिक्षकाला हे पाहून भय वाटले पाहिजे. कारण कथा पटण्याची जी साधने आम्ही आयुष्यभर गौरवतो, तीच येथे कामाला लागलेली होती.

मी त्याला प्रथम एक साधी गोष्ट विचारली. १९८९ मध्ये आवर्तसारणी कुठवर पोचली होती? १०९ पर्यंत. ज्या रस्त्यावर १०९ घरे बांधून झाली आहेत, त्या रस्त्यावर ११५ क्रमांकाचे घर होईल असे सांगायला त्रिकालज्ञान लागत नाही. घराचा क्रमांक सांगणे हे भाकीत नव्हे. त्या घरात कोण राहतो हे सांगणे भाकीत. राहणारा स्थिर आहे, किलोच्या मापाने मिळतो, यान उडवतो, हे त्या माणसाने सांगितले होते, आणि दार उघडले तेव्हा आत तसे कोणीच नव्हते. ह्यावर दाव्याचे समर्थक म्हणतात, की तो समस्थानिक वेगळा, तो अजून सापडायचा आहे. मुलाने हेही ऐकले होते आणि ते लगेच मला सांगितलेही. मी म्हटले, नेमके हेच टिपून ठेव. मेंदेलेएव्हने ७२ म्हटले, तेव्हा जर्मेनियम ९० भरले असते तर तो हरला असता. ह्या दाव्याला हरण्याची जागाच ठेवलेली नाही.

तेथपासून मी ह्या अंकाच्या संदर्भात चार प्रकारची विधाने वेगळी करून पाहू लागले. एक-बिस्मथ हे भाकीत. १९८९ ची मुलाखत हा दावा. एलेरियम हे कल्पित. मॉस्कोव्हियम हा शोध. चौघांचा विषय एक आणि व्याकरणही एकच : अमुक एक मूलद्रव्य आहे व त्याचे गुण असे आहेत. केवळ वाक्य पाहून त्यांच्यातला भेद कळणार नाही. भेद आहे तो प्रत्येकाने पत्करलेल्या बंधनात. भाकीत निसर्गापुढे मान पुढे करते. शोध यंत्रांचा, अणूंचा आणि सेकंदांचा हिशेब देतो, तो दुसऱ्यांना तपासू देतो. दावा श्रद्धा मागतो आणि तपासणी आली की जागा बदलतो. कल्पित श्रद्धाही मागत नाही आणि निसर्गाशी पैजही लावत नाही. ते स्वतःच केलेल्या नियमाने स्वतःचे हात बांधून घेते.

हे हात बांधून घेणे मला निर्णायक वाटते. एलेरियमचे भौतिक गुणधर्म कितीही खोटे असले, तरी खेळात त्याचा एक नियम कधीच मोडत नाही : ते निर्माण करता येत नाही. लेखकाला सोयीचे आहे म्हणून ऐन प्रसंगी ते कोठून तरी उपलब्ध होत नाही. शेवटी मंगळावर धडक मारायची तर तेथवर नेणारे यानही त्याच इंधनावर चालते, आणि त्यासाठी शत्रूच्याच कोठारात हात घालावा लागतो. पृथ्वीचे स्वातंत्र्य ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याचा एकमेव पुरवठादार पृथ्वीवर चालून आलेला आहे. ह्या स्थितीतील तणाव कोणत्याही सारणीवर अवलंबून नाही. दुसऱ्याच्या जमिनीखालच्या तेलावर ज्यांचा संसार चालतो त्या सर्व देशांना ही स्थिती ओळखीची वाटेल. ॲरिस्टॉटलला अभिप्रेत असलेली संभाव्यता येथे आहे, अणुकेंद्रात नाही. क्षेमेंद्राच्या भाषेत सांगायचे तर ह्या मूलद्रव्याचे औचित्य त्याच्या दुर्मीळतेत आहे.

म्हणूनच २००३ च्या शोधाने खेळाचे काही बिघडले नाही. २०१२ मध्ये फिरॅक्सिस ह्या कंपनीने त्याची नवी आवृत्ती काढली, तेव्हा ते द्रव्य मुख्यतः 'एलेरियम' एवढ्याच नावाने वावरले. अंकाची गरज उरली नव्हती; नियमाची होती. इतर खेळांतही हेच दिसते. १९९५ च्या 'कमांड अँड कॉन्कर' मधील टायबेरियम हे उल्केबरोबर इटलीतील टायबर नदीकाठी येते, जमिनीतील धातू शोषून स्फटिकरूपाने वाढते, आणि ज्यांना श्रीमंत करते त्यांच्याच भूमीला विषारी करत जाते. रसायनशास्त्राला ते मान्य होणार नाही; खाणीशेजारच्या गावाला मात्र ते समजावून सांगावे लागणार नाही. २००७ च्या 'मास इफेक्ट' मध्ये शून्य क्रमांकाचे मूलद्रव्य आहे, त्यातून विद्युत्प्रवाह सोडला की वस्तूचे वस्तुमान कमीजास्त करता येते. शून्य प्रोटॉनांचे मूलद्रव्य ही कल्पना ऐकायला चमत्कारिक, पण ती शास्त्रज्ञांना अगदीच अपरिचित नव्हती. फोन आंत्रोपॉफ ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये हायड्रोजनच्या आधी शून्याचे घर मांडून त्यास न्यूट्रोनियम असे नाव दिले होते, आणि मेंदेलेएव्हही उतारवयात ईथरला सारणीत बसवू पाहत होता. त्याचे हे भाकीत फसले. फसू शकले, म्हणूनच ते भाकीत होते.

कल्पिताच्या बाजूने आणखी एक साक्ष द्यायला हवी. १९१४ मध्ये वेल्सने दुसऱ्या एका कादंबरीत 'कॅरोलिनम' नावाचे किरणोत्सारी मूलद्रव्य कल्पिले आणि त्याचे अणुबाँब केले. फ्रेडरिक सॉडी ह्या शास्त्रज्ञाचे रेडियमवरील पुस्तक वाचून त्याला ही कल्पना सुचली होती, आणि ते ऋण त्याने अर्पणपत्रिकेत मान्य केले आहे. असे मूलद्रव्य कोठेही नाही. पण ती कादंबरी लिओ झिलार्ड ह्या पदार्थवैज्ञानिकाने १९३२ मध्ये वाचली, आणि दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये त्याला न्यूट्रॉनांच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. कादंबरीने त्याला धातू दाखवला नव्हता. अणूतील ऊर्जा माणसाच्या हाती आली तर राजकारणाचे आणि शहरांचे काय होईल, ते मात्र दाखवले होते. झिलार्डने आपल्या कल्पनेचे पेटंट घेतले आणि ते गुप्त राहावे म्हणून ब्रिटिश नौदलाकडे सोपवले, ह्यात त्या वाचनाचा वाटा किती हे मोजता येणार नाही. पण ती कृती एका वाचकाची होती, असे मला नेहमी वाटत आले आहे.

मराठीत विज्ञानकथेची चर्चा बहुतांशी विज्ञानप्रसाराच्या अंगाने झाली आणि तसे होण्याला कारणेही होती. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप ह्या नावाने पाठवली आणि तिला पारितोषिक मिळाले, ही हकीकत आपण सर्वजण सांगतो. परिषदेची स्पर्धा, वैज्ञानिक लेखक आणि विज्ञानाची गोडी लागावी अशी अपेक्षा, ह्या जन्मखुणांमुळे 'विज्ञान बरोबर आहे का' हा निकष आपल्याकडे पहिला ठरला. तो टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. शास्त्राची साक्ष काढणाऱ्या कथेने उलटतपासणीला उभे राहिलेच पाहिजे, आणि वर चारपाच परिच्छेद मी तेच केले. परंतु त्या निकषावर एलेरियम आणि १९८९ चा दावा दोघेही सारखेच नापास होतात. ज्या निकषाला कल्पित आणि थाप ह्यांत भेद करता येत नाही, तो एकटा पुरेसा नाही.

दुसरा निकष साहित्याच्या अभ्यासकांनीच द्यायचा आहे. पदार्थविज्ञानाचे सहकारी मूलद्रव्य तपासून देतील. विधान कोणत्या जातीचे आहे, ते वाचणाऱ्याकडून काय मागते आणि स्वतः कोणते बंधन पाळते, हे तपासण्याचे काम आपले. पूर्वी हा प्रश्न परीक्षेपुरता होता. आता मुलांच्या हातातल्या पडद्यावर कथा, दावा आणि बातमी एकाच आकारात, एकाच आवाजात, एकामागून एक येतात. कशावर विश्वास ठेवू नका असे सांगून भागत नाही. त्याने मुले सगळ्यावरच अविश्वास करू लागतात, आणि सगळ्यावर अविश्वास करणारा माणूस शेवटी सर्वांत चांगली कथा सांगणाऱ्याच्या मागे जातो.

त्या विद्यार्थ्याने पुढे अंतर्गत मूल्यमापनासाठी ह्याच विषयावर निबंध लिहिला. त्यात त्याने मी न सांगितलेली एक गोष्ट मांडली होती. एलेरियम काय काय करू शकते ह्याची यादी मुलाखतीतही आहे आणि खेळातही. पण ते काय करू शकत नाही, हे फक्त खेळाने सांगितले आहे, असे त्याचे निरीक्षण होते. मी ते समासात अधोरेखित केले. तेव्हापासून विज्ञानकथेतील कोणतेही अद्भुत द्रव्य समोर आले, की त्याला मी हाच पहिला प्रश्न विचारते : तुला काय जमत नाही? उत्तर मिळाले तर पुढे वाचते.